लाल पेन्सिलीची शिफारस

ओडील गिद्रीबाईंच्या लाल पेन्सिलीला आमच्या भागातला एकूण एक इंजिनिअर टरकून असायचा. लुइझियानाच्या ह्या दलदलीत उतार कागदावर बोटभर चुकला, तरी पाणी थेट लोकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसतं. म्हणून नाल्याचा कुठलाही नकाशा आमच्या कार्यालयात आला की बाई तो तपासायच्या आणि लालेलाल करून परत धाडायच्या. मी व्हर्नन, त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं जमीन मोजतोय. माझ्या वहीतला सात त्यांना एकासारखा दिसला म्हणून भर उन्हात मी पुन्हा नाल्यात उतरलोय, तेव्हा उगाच बोलत नाही.

गंमत अशी, की इंजिनिअरचा परवाना बाईंकडेच नव्हता. नकाशे त्या काढायच्या-तपासायच्या, मंजुरीचा शिक्का आमचे परवानाधारक साहेब मारायचे. आता साहेब निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी बाहेरून कुणीतरी शिक्केवाला येणार, हे कळल्यावर बाई पेटल्या. बावन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन पास झाल्या. अर्जाला पाच शिफारसपत्रं लागत होती, त्यातली तीन परवानाधारक इंजिनिअरांची. दोन पत्रं मी आणि पंपाच्या मिस्त्रीने दिली, एक साहेबांनी, एक शेजारच्या गावच्या इंजिनिअरने. तिसरा इंजिनिअर काही मिळेना, आणि शुक्रवारी मुदत संपत होती.

एकाने फोनवरच सुनावलं, "माझा नकाशा नऊ वेळा परत केलाय तिने. मी तिचा अर्ज दहा वेळा परत करीन." दुसऱ्याची बायको म्हणाली, ते मासे धरायला गेलेत. त्याची होडी अंगणात उलटी पडली होती, आणि पडद्याखाली त्याचे बूट दिसत होते, पायांसकट.

उरला एकटा अल्सीड ब्रूसार. वय अठ्ठ्याहत्तर, काम कधीच सोडलेलं, पण परवाना हौसेने चालू ठेवलेला. बाईंचं आणि त्याचं पाच वर्षं बोलणं नव्हतं.

"मी नाही जायची," बाई म्हणाल्या.

"मिस ओडील, मग त्या नव्या शिक्केवाल्याची कॉफी करायला शिका," मी म्हणालो. गुरुवारी सकाळी बाई माझ्या गाडीत बसल्या. मांडीवर गरम बूदँ सॉसेजची पुडी होती.

अल्सीड ओसरीवर बसला होता. "आलीस? पेन्सिल आणलीस का?"

"घरी ठेवलीय, मिस्टर ब्रूसार."

"खोटं बोलतेस. कानामागे आहे."

बाई लाल झाल्या. आमच्याकडे कॉफी संपल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत, त्यामुळे तिघांनी मुकाट्याने कप रिकामे केले. मग बाईंनी शिफारसपत्राचा कागद पुढे केला. अल्सीडने चष्मा चढवला, आणि बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"हे काय नवीन?"

"उमेदवाराने पत्र पाहायचं नाही, असा नियम आहे."

पण म्हाताऱ्याला लिहिताना मोठ्याने बोलायची खोड. बाईंनी कानात बोटं घातली, तरी त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता.

"ओडील गिद्रीला मी चोवीस वर्षं ओळखतो. बाई तिरसट आहे." बाईंची पाठ ताठ झाली. "शाळेमागच्या नाल्याचा माझा नकाशा तिने तीनदा परत केला. नळी लहान पडेल म्हणाली. चौथ्यांदा मी तो तिच्या साहेबांकडून परस्पर मंजूर करून घेतला. पाच वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टात शाळेच्या व्यायामशाळेत अठरा इंच पाणी शिरलं. मी पावसाला दोष दिला. चूक माझी होती. तिला माहीत होतं, पण तिने मला गावात कधी उघडं पाडलं नाही."

मी हातातलं सॉसेज खाली ठेवलं. "मिस्टर ब्रूसार, हे नका लिहू. तुमचा परवाना जाईल."

"जाऊ दे की. ह्या वयात त्याचं काय लोणचं घालू?" तो माझ्यावरच खेकसला. "तिचं काम जवळून पाहिलंय का, असं विचारलंय इथे. माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?"

ह्या माणसाला पाच वर्षं मी हट्टी बोकड म्हणत आलो होतो, त्याची लाज वाटली. बाईंचे खांदे हलत होते. भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"साडेएकोणीस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अठरा नाही, साडेएकोणीस इंच. व्यायामशाळेच्या भिंतीवरची पाण्याची खूण मी मोजली होती."

"म्हणजे ऐकत होतीस!"

"तुम्ही ओरडत होतात."

अल्सीडने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "आण ती पेन्सिल."

त्याने अठरा खोडून लाल अक्षरात साडेएकोणीस लिहिलं आणि बाजूला सही केली. पाकीट बंद करून चिकटवलेल्या जागेवर दुसरी सही केली आणि ते बाईंच्या हातात दिलं.

"बघ," तो म्हणाला, "ह्या वेळी पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकलं."