तिसरी तार गेली तेव्हा

कट्टा गावाच्या बाजारात किशोरी मेस्तचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नव्या तारेची वेटोळी एकेका खाचेत बसवायची, हे तिचं काम. आयटीआयमधून वायरमन होऊन आली तेव्हा लोक हसायचे, “बाईमाणूस खांबार चढतला?” ती खांबावर चढली नाही, मोटारींच्या पोटात शिरली. आता चाळिशी उलटली. रस्त्यावरून जाताना गिरणीचा आवाज ऐकून ती बेअरिंग गेलंय का ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी, मेच्या मध्याला, ती दाजी खवणेकरांकडे मोटार बसवायला गेली. सत्तरीच्या दाजींचा खाडीकाठी होड्या वर ओढायचा धंदा. उतारावर रूळ, रुळांवर लोखंडी गाडा, आणि वर तारेचा दोर गुंडाळणारं विंच. पावसाळी मासेमारीबंदीआधी सगळे ट्रॉलर वर यायला हवेत, आणि ऐन वेळी मोटार जळाली होती. किशोरीने ती आठ दिवसांत नव्या तारेने भरून आणली.

पण दुपारी मीटरजवळ तिने तिन्ही तारांना दिवा लावून पाहिला, तर तिसऱ्या तारेवर तो पेटेना. बाहेर वारा वाढत होता.

“गो, भरती सुटतली,” दाजी कावले. “कंडेन्सर लाव आनी दोन तारांर चलय. घरचो पंखो एका फेजर फिरता मा?”

“पंखो हलको, दाजीनू. ट्रॉलर हलको नाय.”

तिने त्यांना त्यांच्याच तरुणपणातलं उदाहरण दिलं. होड्या हातरहाटाने ओढायच्या तेव्हा तीन गडी तीन दांड्यांना असत. एकाचा जोर ओसरेपर्यंत दुसऱ्याचा चढलेला, मग तिसऱ्याचा, म्हणून रहाट कधी अडायचा नाही. तीन फेजचं तेच. तिघांचा जोर पाठोपाठ येतो, मोटारीतलं चुंबकत्व गोल फिरतं आणि आतला लोखंडी गाभा त्याच्यामागे धावतो. एकच फेज असला तर जोर नुसता पुढे-मागे होतो. फिरायचं कुठल्या बाजूला, हे मोटारीला कळतच नाही. ती जागीच गुरगुरते आणि जळते. कंडेन्सर तिला कशीबशी फिरवेल, पण एवढं ओझं ओढवणार नाही.

तीनच्या सुमारास तिसऱ्या तारेवरही दिवा पेटला. तोवर तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. विंचच्या ब्रेकचा पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता.

“ह्यो धरूचो नाय, दाजीनू.”

“ह्यो एक ट्रॉलर घेव, मगे बदलूया.”

एक फेज गेला की मोटारीची वीज आपोआप तोडणारी पेटीही बिघडली होती, नवी आली नव्हती. पाणी ओहोटीला लागलं होतं. किशोरी गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून सलतं.

ट्रॉलर बाबली तांडेलाचा. गाडा वर चढू लागला तसा बाबली मागून दोन ओंडके घेऊन चालू लागला. उताराच्या सगळ्यात उभ्या जागी गाडा आला आणि मोटारीचा सूर बदलला. गोल घुमणारा आवाज खरखरीत, जड झाला. वेग उतरला.

“फेज गेलो!” किशोरी ओरडली. दाजींचा हात स्विचकडे गेला. “दाजीनू, बंद करू नकात!”

फिरती मोटार उरलेल्या तारांवर काही वेळ तग धरते, दुप्पट वीज खात, तापत. पण एकदा थांबली की पुन्हा उठत नाही. आणि थांबली तर सगळं ओझं त्या गुळगुळीत ब्रेकवर.

“बाबली, मागसून भायर ये!”

“आनी ओंडको कोण लावतलो?”

“बाजूसून लाव! चाकामागे! बेगीन!”

तिने मोटारीच्या अंगावर तळवा ठेवला. चटका बसला. तारांवरच्या वार्निशचा वास आला, तिच्याच हातचं वार्निश. मग फटीतून धूर. गाडा वीतभर पुढे, अडकल्यासारखा, पुन्हा वीतभर. बाबलीने बाजूला ओणवं होऊन पहिला ओंडका ठोकला, वळसा घालून पलीकडच्या चाकामागे दुसरा.

“लावलंय!”

तिने स्विच खाली ओढला. ब्रेक किंचाळला, घसरला. ट्रॉलर हातभर मागे आला, ओंडके करकरले, आणि सगळं थांबलं. बाबली बाजूला वाळूत बसला होता.

खांबावरची तिसरी तार वाऱ्याने सुटली होती. मोटार मात्र आतून कोळसा झाली होती.

त्या संध्याकाळी किशोरीच्या मनात एकच घोळत राहिलं. ती पेटी चालू असती तर मोटार वाचली असती. पण पेटीने वीज तत्क्षणी तोडली असती, आणि तेव्हा बाबली गाड्याच्या मागे होता. हे दाजींना सांगितलं तर ते पेटी कधीच लावणार नाहीत, म्हणून ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, “आधी ब्रेक बदला. मगे पेटी. तेच्यानंतर मी मोटार भरतंय.”

दाजींनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी कोल्हापुराहून ब्रेकचा पट्टा आणि पेटी आली. किशोरीने पुन्हा खाचा मोकळ्या केल्या, तळव्यावर मलम लावून तार भरली. बंदी लागायला एक दिवस उरला असताना ट्रॉलर वर पोचला. त्या वेळी गाड्याच्या मागे कुणालाही तिने उभं राहू दिलं नाही, बाबलीलासुद्धा नाही.