चौतीस मार्क कुणालाच नव्हते

पोलादपूरच्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवलं, पण कुणाला चौतीस मार्क दिल्याचं आठवत नाही. बत्तीस-तेहेतीसवर अडकलेल्या पोराला एखाद्या पायरीचे दोन-तीन मार्क वाढवून पस्तीसवर नेऊन ठेवायचं, ही आमची रीत. आमच्या गुरुजींनी आम्हालाही असंच वर काढलं होतं.

मग नववीला एका संस्थेचा जादा तास सुरू झाला. सहामाहीत पस्तीसच्या खाली राहिलेल्यांना शाळा सुटल्यावर रोज तासभर गणित. पेपर तपासताना माझा हात मात्र सवयीनंच चालला.

वार्षिक परीक्षेनंतर तासाचा उपयोग झाला का ते पाहायला पुण्याहून एक तरुण बाई आल्या. म्हणाल्या, "चौतीसवाला आणि पस्तीसवाला मुळात सारखेच, सर. एक तासाला बसला, एक नाही. आता दोघांत फरक दिसला तर तो तासामुळे." मला हे फार पटलं. मग त्यांनी आमच्या मार्कांचा आलेख काढला.

"एकतीसनंतर थेट पस्तीस? मधली मुलं गेली कुठं? पस्तीसवर तर जत्रा भरलीय. तुमची शाळा मला या अभ्यासात धरता येणार नाही."

मी चिडलो. "तुमच्या आलेखासाठी पोरं नापास करू काय?"

"नापास झाली असती तर त्यांना तास मिळाला असता, सर," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीतली एक मुलगी आठवली. सहामाहीत तिचे तेहेतीस मीच पस्तीस केले होते. तिची मैत्रीण अठ्ठावीसवर, म्हणून तासाला. घरची वाट रानातली, एकटीनं जायची सोय नाही, त्यामुळे ही रोज वर्गाबाहेर पडवीत तिची वाट बघत बसायची. एकदा दारात येऊन तिनं विचारलंही होतं, "सर, मी पन बसू आत?" मी कौतुकानं म्हणालो होतो, "तू पास आहेस ना? तुला कशाला?"

वार्षिकात मैत्रीण सुटली. हिला अकरा पडले. तिथं माझी रीत काय कामाची!

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सगळं खरं सांगितलं. मला मनापासून लाज वाटत होती.

"म्हंजे मी तवा नापास व्हते?"

"हो."

ती मग म्हणाली, "सांगायचा ना, सर. मी भायेरच बसलेली व्हते."