पुढच्या चाकातला ‘टक्’

दाक्षायणी सोलापुरातल्या एका गिरणीत रिळं भरायची. यंत्रांची घरघर कानात बसलेली, पण सूत गुंडाळणारी एखादी चाती वेगळी वाजली की तिची मान आपसूक तिकडं वळायची. लांबोटीच्या उतारावर नवऱ्याच्या फटफटीवरून ती पडली, त्याच्या आधीही तिनं असाच एक वेगळा आवाज ऐकला होता. टक्. मग पुढचं चाक जागीच जाम झालं, फटफटी आडवी झाली आणि तिचा डावा हात मोडला.

तिचा नवरा संगप्पा जनावरांच्या पेंडेच्या पेढीसाठी मोहोळ, मोडनिंबकडं हिंडायचा. त्या दिवशी शेळी आडवी आली, त्यानं घाबरून पुढचा ब्रेक करकचून आवळला, असं घरादारानं ठरवून टाकलं. त्यालाही तेच खरं वाटलं. त्यानंतर त्यानं पुढच्या ब्रेकला बोट म्हणून लावलं नाही. सगळी भिस्त पायातल्या ब्रेकवर. घरात बोलणंही विचारलं तेवढंच.

हात बरा झाल्यावर मोडनिंबला नणंदेच्या घरी बारसं निघालं. संगप्पा म्हणाला, “तू यष्टीनं जा. मी येतो मागनं.”

“फटफटी दारात असताना?”

“माज्या मागं बसायचं न्हाय.” त्याचा आवाज चढला.

“अवो, तुमी ब्रेक आवळलाच न्हाय. नुसती बोटं टेकली हुती. मला दिसत हुतं की. आन आदी टक् वाजलं.”

“माजी समजूत घालू नगंस!”

ती पिशवी उचलून निघाली, ती थेट फटफट्या दुरुस्त करणाऱ्या ईरप्पा मिस्त्रीच्या दुकानात. संगप्पाही नाइलाजानं फटफटी घेऊन मागोमाग गेला.

“पडल्यावर ब्रेकचे लायनर नवे घातले, केबलबी नवी. अजून काय बगू?” मिस्त्री वैतागला. मग दाक्षायणीकडं वळला. “वैनी, आवाज कवा आला? पडायच्या आदी, का पडताना?”

“आदी. ब्रेकला बोटं लावली तवाच.”

मिस्त्रीनं हातातलं काम खाली ठेवलं. “संगप्पा, वर बस. पुढचा ब्रेक दाबून धर.”

संगप्पा बसला, पण बोटं मुठीजवळ नेऊन थांबला. “धर की,” दाक्षायणी हळू म्हणाली. त्यानं डोळे मिटून ब्रेक दाबला. मिस्त्रीनं मागून फटफटी ढकलली.

टक्.

संगप्पानं गर्रकन मान वळवली.

“हँडल ढिलं असंल, तर तितं बी असंच वाजतं,” मिस्त्री म्हणाला. “वैनी, हँडलच्या खाली हात ठिवा.” पुन्हा ढकललं. आवाज आला, पण तिच्या तळहाताला काही हललेलं जाणवलं नाही. “आता खाली. चाकाच्या मदल्या झाकणावर.”

ती वाकली. या वेळी झाकण तिच्या हाताखाली उंदरासारखं उसळलं.

ते झाकण एका बोल्टानं चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, घट्ट धरलेलं असतं. ब्रेक लावताना ते चाकाबरोबर फिरलं तर ब्रेक आपोआप आणखी ओढला जाऊन चाक आवळतं. मिस्त्रीनं बोल्ट काढला. जाडजूड बोल्टाच्या जागी कुणीतरी बारका खिळ्यासारखा बसवलेला, तोही निम्मा झिजून वाकलेला.

“पडायच्या आदी चाक कुणी काढलं हुतं?”

“रस्त्यावर पंक्चर झालं तवा तितल्या पंक्चरवाल्यानं...” संगप्पा खाली बसला. “म्हंजे माजा हात न्हवता?”

“न्हवता. आन मी लायनर घातले तवा मलाबी दिसायला पायजे हुतं.”

योग्य बोल्ट बसला. दोघं मोडनिंबच्या रस्त्याला लागले. बाळे गाव मागं पडलं, तरी संगप्पाची बोटं मुठीवरून सुटून ब्रेककडं गेली नव्हती. लांबोटीचा उतार लागला आणि समोर एक बैलगाडी अचानक आडवी वळली. दाक्षायणीनं त्याचा सदरा घट्ट धरला. तिला ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही. कान तेवढे टवकारले. संगप्पाची बोटं पुढं सरकली, ब्रेकवर वळली.

काही वाजलं नाही. फटफटी वेग सोडत सोडत बैलगाडीच्या अलीकडं सरळ उभी राहिली.

संगप्पानं फटफटी कडेला घेतली, वाकून पुढचं चाक एकदा चाचपलं आणि पुन्हा किक मारली. मग जो बोलायला लागला, तो मोडनिंब येईपर्यंत बोलतच होता. पेढीतल्या गोष्टी, मोहोळच्या बाजारातल्या गमती, महिन्यामहिन्यांच्या साठलेल्या. वाऱ्यामुळं तिला त्यातलं निम्मंच कळलं.

ते पोचले तेव्हा बारसं आटोपून पंगत बसली होती.