मागून आलेलं ‘मी हाय’

हँडबॉलमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूची पाठ आपल्याच गोलकडे असते आणि तिने मागे वळून बघायचं नसतं. समोर बॉल, दोन्ही हात वर, आणि मागे काय चाललंय ते फक्त कानांनी कळतं. मी मधोमध उभी राहते. समोरून कोणी उडी मारून थ्रो करायला आली की अर्धा गोल मी हातांनी झाकायचा आणि उरलेला अर्धा गोलकीपरने सांभाळायचा. कोणता अर्धा कुणाचा, हे कीपर मागून ओरडून सांगते. तिने सांगितलं की विचार करायचा नाही, ऐकायचं.

कॉलेजपासून माझ्या मागे एकच कीपर होती. हडपसरच्या पुढच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची. तिच्या घराभोवती चारी बाजूंनी टॉवर उठले होते, तरी उरलेल्या जमिनीत कोथिंबीर, मेथी निघायची. पहाटे वडिलांबरोबर टेम्पोतून मार्केट यार्डात जायची आणि तिथून थेट प्रॅक्टिसला यायची. आवाज यार्डात कमावलेला. बाकीच्या कीपर ‘लेफ्ट’, ‘राइट’ ओरडतात. हिला एखादी बाजू स्वतःकडे घ्यायची असली की ही एवढंच म्हणायची, “मी हाय!” म्हणजे ही बाजू तू सोड, मी बघते. कोणती बाजू, ते आवाज कुठून आला त्यावरून मला कळायचं.

सुरुवातीला सगळ्या हसायच्या. एका सामन्यात समोरच्या मुलीने तिला मुद्दाम हात हलवून “हाय” केलं. हिने तिचाच पुढचा थ्रो एका हाताने अडवला आणि “बाय” म्हणाली. मी पडले कोथरूडची, त्यामुळे दुसऱ्याची भाषा सुधारणं हे माझं कर्तव्यच. एकदा तिला म्हटलं, “अगं, ‘आहे’ म्हण की.” ती म्हणाली, “आहे म्हणंस्तवर बॉल आत जातोय.”

मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली.

महिलांची देशपातळीवरची व्यावसायिक लीग सुरू होणार, ही बातमी ती गेल्यानंतर आली. मला दुःख व्हायच्या आधी राग आला. शाळेच्या धुळीच्या मैदानांवर, फाटक्या जाळीपुढे आम्ही दोघी खेळलो, आणि आता लाकडी कोर्ट, दिवे, टीव्ही, पाठीवर नाव छापलेली जर्सी हे सगळं आलं तेव्हा ही नाही. खेळाडूंचा लिलाव झाला. एका संघाने मला घेतलं. घरी सांगताना मी ‘निवड’ असा शब्द वापरला, कारण मुलीचा लिलाव झाला हे आमच्या सोसायटीत पेढे वाटून सांगण्यासारखं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “अभिनंदन! व्हॉलीबॉल ना?” मी हो म्हणाले. ती लढाई मी केव्हाच सोडून दिली आहे.

संघातली कीपर हरियाणाची. उंच, गंभीर, कामापुरतं बोलणारी. हॉटेलात आम्ही एकाच खोलीत होतो. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं की मी बाजू सोडायची असेल तेव्हा ती “छोड़ो” म्हणेल. बाकी वेळी दोन्ही हात वर आणि माझी बाजू माझीच. सरावात सगळं सुरळीत चाललं. मला ती आवडलीही.

पहिला सामना बालेवाडीला होता. डीजेच्या भिंती इतक्या मोठ्या की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. उत्तरार्धात समोरची उंच मुलगी डावीकडून आत आली, तिने उडी मारली, आणि माझ्या डाव्या खांद्यामागून स्पष्ट आवाज आला, “मी हाय!”

मी डावी बाजू सोडली. इतक्या वर्षांत जशी सोडत आले तशी, काही विचार न करता. बॉल तिथूनच गेला आणि जाळीत शिरला.

“दीदी,” कीपर म्हणाली, “मैंने छोड़ो बोला ही नहीं.”

मी सॉरी म्हणाले. अंगावर काटा आला होता, पण त्याचबरोबर छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, हेही लिहायला हवं. भीती वाटायला हवी होती ना? मला आनंद झाला. ती आली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी लॅपटॉपवर तो गोल दाखवला. सर पुण्याचेच, त्यामुळे ओरडत नाहीत. म्हणाले, “मॅडम, आपल्या मागे गोल आहे. मोफत वाटप केंद्र नाही.” सगळ्या हसल्या. मी नंतर तो तुकडा एकटीने कानाला लावून ऐकला. गाणं, शिट्टी, गलका. बाकी काही नव्हतं.

पुढच्या सामन्यात ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्यातही. रोज नाही. सामना अटीतटीचा झाला की यायची. मी कान बंद करायचा प्रयत्न केला, पण पायांना सांगणार कोण? मला सगळ्यात जास्त हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आवाज चुकत नव्हता. ती ज्या बाजूने “मी हाय” म्हणायची, बॉल त्याच बाजूला यायचा, दर वेळी. खेळ तिला अजूनही तेवढाच कळत होता. फक्त तो बॉल अडवायला ती तिथे नव्हती.

एका रात्री दिवा मालवल्यावर कीपरने विचारलं, “दीदी, आप सुनती किसकी हो?”

मी झोपल्याचं सोंग घेतलं.

सामन्यांच्या मधल्या एका मोकळ्या दिवशी मी माझ्या जुन्या कीपरच्या घरी गेले. ती गेल्यापासून जातेच अधूनमधून. काका, म्हणजे तिचे वडील, फारसे बोलत नाहीत. पाणी पिऊन झालं का एवढं विचारतात आणि वावरात जातात. काकू मात्र माझे सामने फोनवर बघत होत्या. मी मधे उभी असल्यामुळे मागचं त्यांना दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

“मागं कोन असती ते बगायचं असतं मला,” त्या म्हणाल्या. मग पदराने फोनची काच पुसत म्हणाल्या, “एक सांगू का? मला तिचा आवाज आठवंना झालाय. फोनमधी फोटू लय हायत. आवाज एक बी न्हाई. दिवसभर घरात वरडत असायची, कोन कशाला भरून ठिवतंय? तुला तरी आठवतो का गं?”

“आठवतो,” मी म्हणाले.

काल रात्रीच ऐकलाय, हे जिभेवर आलं होतं. पण आईला हे कसं सांगायचं, की तुमची मुलगी तुमच्याकडे येत नाही, बालेवाडीला माझ्याकडे येते? मला त्यांची कीव आली आणि लाजही वाटली, कारण तेवढ्यातही माझ्या मनात एक हावरा विचार होता, की ती माझ्याकडेच येऊ दे.

लीगमधला शेवटचा साखळी सामना आला तेव्हा आमचं गणित सोपं होतं. जिंकलो तर उपांत्य फेरी, हरलो तर घरी. सरांनी सकाळी मला बाजूला घेतलं. या वेळी टोमणा नव्हता.

“आता एक जरी बाजू उघडी सोडलीत तर मी तुम्हाला बाहेर बसवणार. आणि तुमच्या वयात बसवलेलं माणूस पुढच्या लिलावात कोणी उभं करत नाही. कीपरवर विश्वास नाही का तुमचा?”

“आहे, सर.”

“मग तिचं ऐका.”

म्हणजे दुसरीचं ऐकू नका. त्यांना ठाऊक नव्हतं ते काय मागत होते. मला मात्र नीट ठाऊक होतं. ज्या दिवशी मी तिचं ऐकणार नाही, त्या दिवसानंतर ती कशाला येईल? तिच्या बोलावण्याला माझ्याशिवाय कोणी उत्तर देणारं उरलं नव्हतं. आणि खेळ सोडला तर माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? तीस उलटलेली, गुडघ्याला पट्टी, शाळेत पीटी शिकवणारी बाई. ही लीग मला इतक्या उशिरा मिळाली होती की ती हातची जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो. बॉल त्यांच्याकडे. त्यांच्या डावखुऱ्या मुलीने माझ्यासमोर उडी मारली. मागून दोन आवाज एकदम आले.

“दीदी, बायें! बायें आप!”

“मी हाय!”

दोन्ही डावीकडून. एक मला ती बाजू झाक म्हणत होती, दुसरी सोड म्हणत होती. मी हात डावीकडे नेले आणि बंद केले. बॉल मनगटावर इतक्या जोरात बसला की बोटं बधिर झाली. तो उडून बाहेर गेला, सामना संपल्याची शिट्टी झाली, आणि सगळ्या माझ्या अंगावर कोसळल्या. त्यांच्या खालून मान काढून मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. हरियाणाची पोरगी दोन्ही हात पसरून, रडत, माझ्याकडे धावत येत होती. तिच्या मागे जाळी होती आणि जाळीमागे जाहिरातीचा फलक.

उपांत्य सामना आम्ही हरलो. माझा बचाव मात्र चांगला झाला असं सगळे म्हणाले. होणारच, मला एकच आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या आवाजाची मी सामनाभर वाट पाहिली. अटीतटीच्या वेळी, बॉल हवेत असताना, डावीकडे, उजवीकडे कान लावून राहिले. काही आलं नाही. नंतर शाळेच्या मैदानावर एकदा पोरींना थ्रो मारायला लावून मी मुद्दाम डावी बाजू उघडी ठेवली. पोरी खूश झाल्या, त्यांचे सगळे गोल झाले.

लीग संपल्यावर मी तिच्या घरी गेले. काकूंनी चहा टाकला. काका बाहेर अंगणात मेथी निवडून जुड्या बांधत बसले होते. काकू सामन्याबद्दल काहीबाही बोलल्या आणि मग आलं ठेचता ठेचता सहज म्हणाल्या, “खेळताना ती काय वरडायची गं? मी काय कधी आले न्हाई मैदानावर. कामंच लय.”

“मी हाय म्हणायची.”

“नुसतं?”

“नुसतं. पण मोठ्यांदा.”

“मग म्हण की मोठ्यांदा.”

मला संकोच वाटला. त्या स्वयंपाकघरात, गॅसपाशी उभं राहून मी म्हटलं, “मी हाय.” माझ्या तोंडून ते एखाद्या नाटकातल्या मोलकरणीसारखं आलं. काकूंनी मान हलवली.

“असं न्हाई. असं न्हाई म्हणत ती.” त्यांचे डोळे बारीक झाले, जणू कोपऱ्यात काही शोधत होत्या. “ती ‘मी’ कापून टाकायची. मी हाक मारली की वरून तसंच वरडायची. मी हाय!”

“नाही काकू, एवढं खाली नाही. वरच्या पट्टीत. मी हाय!”

“मी हाय!”

“‘हाय’ पुढे ओढायची थोडं. मी हाय!”

चहा उतू गेला, कोणी बघितलं नाही. आम्ही दोघी आलटून पालटून ओरडत होतो. आधी हळू, मग लाज सोडून, मग घसा फोडून. दर वेळी जवळ जात होतो आणि दर वेळी ते तिचं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. शेवटी आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि काका दारात आले. धावत आले होते. पायात चिखलाच्या चपला तशाच, हातात मेथीची सुटलेली जुडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग आमच्या दोघींच्या मधून, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

आमच्यापैकी कोणाचं बरोबर आलं होतं, ते आम्हाला कळलं नाही. विचारायची छातीही झाली नाही. काकांनी खाली पडलेल्या काड्या वेचल्या आणि ते परत अंगणात जाऊन बसले.