वाणातल्या गोळ्या

माझ्या नणंदेला माणसं सुधारायची फार हौस. लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि दोन-तीन वर्षांनी झाशीला यायची, ती आमच्यात काय काय कमी आहे ते सांगायला. त्या वर्षी ती संक्रांतीला आली आणि मला पाहताच म्हणाली, "किती उतरलीयेस गं! चेहऱ्यावर हसू म्हणून नाही."

हसू कुठून येणार? पहाटे उठून दोन मुलींचे डबे करायचे, मऊरानीपुरची बस धरायची, तिथल्या खासगी शाळेत दिवसभर घसा फोडायचा आणि घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं. पण ती नोकरी मला जिवापाड हवी होती. वर्षभर खाडा न करता काम केलं तर कायम करू, असं शाळेनं सांगितलं होतं. निम्मं वर्ष मी काढलं होतं. तिसरं मूल नको म्हणून गोळ्या घेत होते. नवऱ्याला ते माहीत होतं, सासूबाईंना नाही. त्यांना नातू हवा होता.

झाशीत आम्हा मराठी लोकांची घरं मोजकी, त्यामुळे हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर बायकांत चढाओढ. नणंदेनं सगळ्यांवर ताण केली. मन प्रसन्न ठेवणाऱ्या गोळ्यांच्या मोठ्या बाटल्या तिनं तिकडून आणल्या होत्या, कुठल्याशा पिवळ्या फुलांच्या अर्काच्या. "जडीबुटीच आहे, अपाय काही नाही," म्हणाली. पण प्लास्टिकची बाटली वाण म्हणून कशी द्यायची? सासूबाईंनी स्टीलच्या छोट्या डब्या आणवल्या, गोळ्या त्यांत भरल्या, झाकणांना हळदीकुंकू लावलं. बाटल्या कचऱ्यात गेल्या.

"वाण आहे, बाजूला ठेवायचं नसतं," असं म्हणून सासूबाई सकाळच्या चहाबरोबर रोज एक गोळी स्वतः माझ्या हातावर ठेवू लागल्या. मी मुकाट गिळायची. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं, कुणीतरी आपली काळजी घेतंय म्हणून. मध्येच अवेळी डाग दिसले, ते दगदगीनं असेल म्हणून सोडून दिले. इतकी शिकलेली मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

मार्चमध्ये ओकाऱ्या सुरू झाल्या. खंडेराव गेटजवळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "गोली छूटी थी?"

"एक भी नहीं."

"साथ में और कुछ ले रही थीं?"

मी डबीचं सांगितलं. "उसका लेबल कहाँ है?" त्यांनी विचारलं. लेबल बाटल्यांबरोबरच कचऱ्यात गेलं होतं.

घरी आले तर सासूबाई देवळात गेलेल्या. मी लगेच अमेरिकेला परतलेल्या नणंदेला फोन लावला. तिनं आपल्याकडची बाटली आणून वाचून दाखवलं. या अर्कानं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, आधी डॉक्टरांना विचारावं, असं बारीक अक्षरांत लिहिलं होतं. "पण तू त्या घेतेस हे मला कुठे ठाऊक?" ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. चोरून घेणारीला कोण सावध करणार?

"वन्सं, आईंना सांगू नका. मी हे पाडून घेणार आहे," मी हात जोडल्यासारखी बोलले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सगळं माहीत होतं. "आमच्यापासून लपवून गोळ्या खात होतीस! देवीनं वाणातून दिलंय, खबरदार हात लावलास तर." दुपारपर्यंत त्यांनी चार घरी बातमी पोचवलीसुद्धा. नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता. "तुम्ही काही बोलणार आहात का?" मी विचारलं. "आता सगळ्यांना कळलंय, आता कसं करणार?" एवढंच तो म्हणाला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मऊरानीपुरच्या रस्त्यावर माझ्यासाठी दोनदा बस थांबवावी लागली. मग खाडे सुरू झाले. एप्रिल संपायच्या आत शाळेनं दुसरी बाई नेमली.

तिसरीही मुलगीच झाली. सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला आणि मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. मुलीचा आनंद व्हायला मात्र बरेच महिने गेले. तोवर मी तिला नुसतं पाजत होते.

आज तीच माझं सगळं करते. गेल्या महिन्यात माझी औषधं लावून ठेवताना तिनं विचारलं, "आई, तुमने नौकरी क्यों छोड़ी थी?"

"बसनं चक्कर यायची," मी म्हणाले.

तिनं हातातल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. "मेरी वजह से तो नहीं ना?"

"नाही गं, वेडी आहेस का?"

तिला मराठी कळतं, पण वाचायचं झालं तर ती हिंदीच वाचते. म्हणून हे मराठीत लिहिलं.