‘ला’ म्हणजे कोण?

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. माझ्या मुलाला, अमेयला, ठाऊक नाही. सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या परळच्या घरी जेवायला यायची शक्यता कमी.

माझी सून इनेस स्पेनची. अमेयला ऑफिसात भेटली आणि आमच्या दोन खोल्यांत रुळलीसुद्धा. रोज दुपारी चारला गॅलरीत उभी राहून ती आपल्या आईशी फोनवर बोलायची — भरभर, हसत. आणि मी? मी कानात इअरफोन घालून कीर्तन ऐकत असे. म्हणजे घरच्यांना तसं वाटे. खरं तर मी मोबाइलवर स्पॅनिश शिकत होते. सुनेशी तिच्या भाषेत बोलावं म्हणून? — असं म्हणायला आवडलं असतं. ती माझ्याबद्दल काय बोलते ते कळावं म्हणून! झालं, सांगितलं. पण खरी कबुली ही नव्हे. ही नुसती नांदी.

तर एका दुपारी कानावर ‘स्वेग्रा’ आलं. स्वेग्रा म्हणजे सासू. मधलं काही सुटलं, आणि मग स्पष्ट — ‘नो ला सोपोर्तो.’ आपल्याकडे ‘ला’ शब्दाच्या शेपटाला लागतो — मला, तिला. त्यांच्याकडे तो सुटा, क्रियापदाच्या आधी येऊन बसतो, आणि तोच म्हणजे ‘तिला’. तिला मी सहन करू शकत नाही. तिला म्हणजे कुणाला? सासूला! आणखी कुणाला? पुढे ती ‘पेरो लाबेबो, लाबेबो’ म्हणत खो-खो हसली. पेरो म्हणजे पण, एवढं येत होतं. लाबेबो कुणी मैत्रीण असेल, मी म्हटलं.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘सर्वनाम दिसलं की आधी विचारा, कुणाबद्दल?’ — हे मुलांकडून घोकून घेतलं. मी स्वतः विचारलं का? छे. डोक्यात राख घालून घेतली की व्याकरण कुठलं सुचतंय!

तीन महिने मी तिला छळलं. आवाज चढवला नाही — मास्तरीण ना मी, त्याहून बारीक हत्यार होतं माझ्याकडे. तिचं मराठी दुरुस्त करत सुटले. सोलकढीचा घोट घेऊन ती म्हणायची, ‘आई, कढी मस्त झाला!’ की मी लगेच — ‘झाली. कढी ती. भात तो. मीठ ते.’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर साऱ्या बायकांसमोर तिची नक्कल केली. बायका हसल्या. इनेसही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं — तेच अजून टोचतं.

मग मोबाइलवर नवा धडा आला. दुधाच्या पेल्याचं चित्र, खाली वाक्य — ‘ला लेचे? ला बेबो.’ दूध? ते मी पिते. त्यांच्याकडे दूधसुद्धा ‘ती’, म्हणजे ‘ला’ माणसालाच नव्हे, वस्तूलाही चालतो.

लाबेबो मैत्रीण नव्हती हो! ‘ला बेबो’ — ती मी पिते. आता सासूला कोण पितं? मधे जे सुटलं होतं त्यात ‘रोसा’ असं काहीतरी होतं, तेही आठवलं. रोसा म्हणजे गुलाबी. म्हणजे इनेस आईला सांगत होती — माझी सासू एक गुलाबी पेय करते, मला ते अजिबात सोसत नाही, पण पिते, पिते! बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आमच्याकडे मासळी, म्हणजे सोलकढी आलीच. मी कौतुकानं दोन-दोन वाट्या वाढत होते. आणि ही पोर माझं मन राखायला गटागटा पीत होती — मी तिच्या चुका काढत असताना.

कढी करायचीच बंद करा, म्हणाल. केली बंद. दोन शुक्रवार ताटाशी वाटी नव्हती. तिसऱ्या शुक्रवारी इनेस स्वयंपाकघरात आली आणि कित्येक दिवसांनी मराठीत बोलली, ‘आई, कढी नाही? तुम्ही माझ्यावर रागावली?’

‘रागावलात’ — जिभेवर आलेलं गिळलं. तेव्हाच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम — मी चोरून ऐकलं, आणि चुकीचं ऐकलं. तोंड उघडलं आणि म्हणाले काय? ‘वेडी की काय! नारळ संपला होता.’ आणि विळी घेऊन खोबरं खवायला बसले.

त्याला चार वर्षं झाली. आता ती मासळीवालीशी अशी हुज्जत घालते की मी लांब उभी राहून ऐकते. फार जीव आहे माझा तिच्यावर. पण कढी नाही केली तर तिला वाटतं मी रागावले. केली तर तिला प्यावी लागते. यातून सोडवणारं खरं ते मला मराठीत सांगता येतं, एव्हाना स्पॅनिशमध्येही येतं. सांगत नाही.

आज शुक्रवार. मासळीवालीकडे सरंगा मिळाला होता. कढी केली, वाटी भरून इनेसपुढे ठेवली. तिनं माझ्याकडे बघून हसत वाटी उचलली आणि ती ती प्यायली. ‘मस्त झाली, आई,’ म्हणाली. एक चूक नाही.

मी वाटी पुन्हा भरली.