गाडी डावीकडे का जाते

"गाडीत काय नाय ओ गुरुजी. चालवतो कोन?"

अलाइनमेंटवाल्याने हे आवाज खाली करून विचारलं. मी काचेच्या पलीकडे, जुन्या टायरच्या चळतीपाशी उभी होते. मी गप्प असते म्हणून लोकांना मी बहिरीही वाटते. या गैरसमजाचा मला आजवर बराच फायदा झाला आहे, म्हणून तो मी कधी दूर केला नाही.

"मुलगी चालवते," बाबा म्हणाले. पेशंट बाहेरचं खातो का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर घरचे ज्या सुरात "हो, खातो" म्हणतात, तो सूर होता.

"मग झालं," असं म्हणून त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर आमची चारही चाकं हिरवीगार होती. कॉम्प्युटरच्या मते महाडमध्ये याहून सरळ गाडी नव्हती.

आठवड्यापूर्वी आम्ही इथेच आलो होतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी स्टिअरिंग किंचित तिरपं बसलं होतं, तेवढंच सरळ करून घ्यायचं होतं. त्याने ते केलं, शिवाय मागची चाकं पुढे आणि पुढची मागे करून दिली. त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली आणि साठच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरायला लागलं. आता ही दुसरी फेरी होती.

"एक लिंबू ठेवा चाकाखाली आनि गाडी पुढं घ्या," तो निघताना म्हणाला. "कधीकधी लागतं तसं."

"आमच्याकडे लिंबू सरबताला वापरतात," बाबा म्हणाले.

बाबांनी तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कारणाशिवाय काही घडत नाही, हे वाक्य आमच्या घरात मीठ-मसाल्यासारखं रोज लागतं. नजर, मुहूर्त, मांजर आडवं जाणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही. मला याचा अभिमान आहे. अडचण एवढीच की कारण शोधायला निघालेल्या माणसाला ते जवळच सापडलं तर तो पुढे चालत नाही. घरी येताना बाबांनी मोठ्याने मांडणी केली. गाडी तीच, रस्ता तोच, हवा भरलेली, कॉम्प्युटर हिरवा. मग बदललं काय? पूर्वी गाडी ते चालवत, आता मी चालवते.

"तू एका हाताने धरतेस का?"

"नाही."

"मग दोन्ही हातांनी जास्त घट्ट धरत असशील."

आणि मग त्यांनी निकाल सांगितला. रविवारी मावशीकडे जायचंच आहे, तेव्हा गाडी ते स्वतः चालवणार. त्यांच्या हातात सरळ चालली, तर सोमवारपासून मी एसटीने कामावर जायचं.

मी पोलादपूरला एका लॅबमध्ये काम करते. रक्त तपासायचं असतं, त्याच्याशी बोलायचं नसतं, त्यामुळे काम मला मानवतं. एसटीत बोलावं लागतं. महाड-पोलादपूर गाडीत आईच्या ओळखीची निदान एक बाई असतेच, आणि ती "इकडं ये गो, बस" म्हणून सरकून जागा देते. त्या जागेच्या बदल्यात माझा पगार, वय, आणि "पुढं काय ठरवलंयस" हे सगळं द्यावं लागतं. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीला शिष्टपणा असतोच असं धरून चालल्यामुळे माझं एका शब्दाचं उत्तरही कोणी साधं घेत नाही. गाडीतला अर्धा तास मात्र माझा होता. दिवसभरात तेवढाच. तो जाणार होता.

म्हणून मी बाबांचीच पद्धत वापरायचं ठरवलं.

पहिला संशय रस्त्यावर. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, तर गाडी डावीकडे जाणारच. मग एका सकाळी मी मुद्दाम दासगावच्या बाजूला, आतल्या रिकाम्या रस्त्यावर गेले आणि काही अंतर उजव्या कडेने चालवून पाहिलं. तिथे उतार उलटा. तरी गाडी डावीकडेच निघाली. समोरून मोटरसायकलवर गवताचा भारा घेऊन एक म्हातारा येत होता. तो थांबला, भाऱ्यातून मान बाहेर काढून म्हणाला, "ही काय अमेरिका हाय काय गो?"

प्रयोगाची नोंद मी तिथेच थांबवली. पण रस्ता निर्दोष सुटला होता.

दुसरी गोष्ट मला बसल्या जागी कळली, अगदी शब्दशः. पावसाळ्यानंतर गाडी चालवताना माझ्या सीटखाली एक ठेका जाणवायचा. हायवेवर सिमेंटच्या तुकड्यांचे जोड लागतात, त्यांची धडधड असेल असं मी धरलं होतं. आता सीट शांत होती आणि तोच ठेका, त्याच लयीत, स्टिअरिंगमधून हातात येत होता. मागचं चाक पुढे आलं, तसा ठेकाही पुढे आला. म्हणजे जे काही होतं ते एका चाकात होतं आणि माझ्या हाताशी त्याचा काही संबंध नव्हता. मी चारही टायर बाहेरून चाचपून पाहिले. काही सापडलं नाही, पण मला खात्री होती.

ती खात्री मी रोज रात्री जेवताना बाबांना सांगणार होते. वाक्य तयार असायचं. आधी ते इंग्रजीत तयार व्हायचं, मग मी ते मराठीत करायचे, मग ते फार उद्धट वाटायचं, मग मी त्याला मऊ करायचे. एवढं होईपर्यंत बाबांचा भात संपत आलेला असायचा आणि माझ्या तोंडून "बाबा, लोणचं द्या" एवढंच निघायचं. त्या आठवड्यात मी खूप लोणचं खाल्लं.

रविवारी आम्ही चौघं निघालो. बाबा चालवायला. त्यांच्या शेजारी आमच्या गल्लीतले काका, तज्ज्ञ म्हणून. काका एसटीत ड्रायव्हर होते आणि कशेडी घाट झोपेत उतरल्याचं सांगतात. ही बढाई मानायची की कबुली, हे अजून ठरलेलं नाही. मागे आई आणि मी. आईच्या मांडीवर मावशीसाठी सुकटीचा स्टीलचा डबा.

"आमच्या टायमाला अलायमेंट नव्हती," काका म्हणाले. "एष्टी डावीकडं वढली तर आपन उजवीकडं वढायची. मिटलं."

हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "बघ. एकदम सरळ."

गाडी खरंच सरळ चालली होती. पण मागून मला बाबांचा उजवा खांदा दिसत होता. सदरा तिथे ताणून बसला होता आणि मानेची एक शीर वर आली होती. विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसं ते स्टिअरिंग धरून बसले होते.

"गुरुजी, सैल धरा की वाईच," काका म्हणाले.

"सैलच धरलंय."

"मंग सोडून बघा."

"चालत्या रस्त्यावर प्रयोग करायचे नसतात," आमचे विज्ञानाचे शिक्षक म्हणाले.

मग गाडी साठच्या वर गेली आणि आईच्या मांडीवरचा डबा बोलायला लागला. आधी झाकण किणकिणलं, मग खडखडलं, आणि त्यातून सुकटीचा वास बाहेर आला.

"अहो, गाडी हलतेय," आई म्हणाली.

"डब्याचं झाकण सैल आहे."

"झाकण मी गुडघ्यात धरून बसवलंय."

"मग गुडघा हलत असेल."

आईने पदर नाकाला लावला. पुढे ट्रक आला की बाबा वेग कमी करत, वास जाई. रस्ता मोकळा झाला की वास परत येई. मला वेगाच्या काट्याकडे बघायची गरज उरली नाही. काकांचा उजवा पाय मात्र दर वळणाला पायातळीचा पत्रा दाबत होता. नसलेला ब्रेक.

पोलादपूर सोडून आम्ही आंबेनळीच्या वाटेला लागलो. घाट सुरू व्हायच्या जरा आधी धडधड एवढी वाढली की बाबांचा चष्मा नाकावरून घसरला.

"चहा घेऊ," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दहा वाजता चहा मागितला होता.

टपरीसमोर त्यांनी गाडी वळवून घेतली आणि चाकं तशीच वळलेली राहिली. सगळे बाकावर जाऊन बसले. मी गाडीपाशी थांबले. पुढचं डावं चाक पूर्ण फिरलेलं होतं आणि एरवी बाहेरून न दिसणारी त्याची आतली बाजू समोर आली होती. मी खाली बसले आणि हात घातला. टायरच्या आतल्या भिंतीवर फुगवटा होता. गालात अख्खी सुपारी धरावी तसा. हाताला गरम लागला.

आणि मला तो "खट्ट" आठवला. 

सावित्रीचं पाणी चढतंय असा निरोप आला की आमच्याकडे लोक आधी गाड्या बाहेर काढतात. माणसं माडीवर जातात, गाड्या हायवेच्या चढावर. एका रात्रीत तिथे गाड्यांचं गाव वसतं. गल्लीतून पहिली गाडी बाबांची असते, त्यांना त्याचं भूषण आहे. या पावसाळ्यात दुसऱ्याला जागा राहावी म्हणून त्यांनी मागे घेत घेत डावं मागचं चाक कडेच्या दगडावर चढवलं. एकदा चढलं नाही, म्हणून जोर देऊन. मी शेजारी बसले होते. खट्ट झालं. "आता घसरणार नाही," असं म्हणून बाबांनी हँडब्रेक ओढला. पाणी उतरेपर्यंत गाडी त्या दगडाच्या धारेवर उभी होती.

"काय शोधतीस गो?" काका चहाचा ग्लास घेऊन आले. मी बोटाने दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि ग्लास बॉनेटवर ठेवला.

"गुरुजी! इकडं या. आवो, ह्ये तर घाटात फुटलं असतं!"

बाबा आले. आईही आली, डब्यासकट. बाबांनी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं, मग बोट लावून बघितलं.

"ह्यो खड्ड्याचा मार नाय," काका म्हणाले. "चाक कशावर तरी चढवलंय कुनी. दगडाबिगडावर."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. टपरीवाल्यानेही बघितलं, त्याचा तर काहीच संबंध नव्हता.

"लॅबच्या बाहेर लावायला जागा नसते," बाबा सावकाश म्हणाले. "मी तुला सांगितलं होतं, कडेला घालू नकोस."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि त्यामुळेच बोलणं जास्त कठीण झालं. उद्या सोमवार होता. एसटी सुटणार होती, तिच्यातली बाई सरकून जागा देणार होती. मी नेहमीप्रमाणे डोक्यात वाक्य जमवायला लागले, आधी इंग्रजीत. ते अर्धंही झालं नव्हतं.

"जाऊ दे आता, तिला काय बोलू नका," आई म्हणाली. म्हणजे आईनेही मान्य केलं होतं.

मी हाताची काळी माती ओढणीला पुसली. ओढणी नवीन होती.

"बाबा," मी म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा निघाला की टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला, "पुराच्या वेळी हायवेवर हे चाक तुम्ही दगडावर चढवलंत, मी शेजारी बसले होते. आता घाट नको. डिकीतून जॅक काढा, स्टेपनी लावू, आणि घरापर्यंत गाडी मी चालवणार."